मशीन तासावर, माणूस महिन्यावर

पहाटे ५:४०

होळी होऊन आठवडा झाला. भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस आहेत, त्यामुळे नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या होड्या धक्क्याला बांधून आहेत. डोल जाळी लावायची तर पाण्याला ओढ लागते आणि ओढ असते उधाणाला. ज्याच्या मागोमाग आज आपण फिरणार आहोत, त्याच्या थोरल्या भावाची होडीही यांतच आहे. भाऊ झोपलाय. हा उठलाय, कारण जेसीबीचा हप्ता भांग-उधाण बघत नाही.

वय छत्तीस. कोळ्याचा मुलगा. अठरा वर्षं मशीनवर, त्यातली पहिली पाच हेल्पर म्हणून. बायको घरात नाही. गावच्या होड्या बांधलेल्या असल्या की मासळी बाजारात बसणाऱ्या बायांना माल बाहेरून आणावा लागतो. ती तीनलाच भाऊच्या धक्क्याला गेली. डबा आईने भरलाय: तांदळाच्या दोन भाकऱ्या, जवळ्याची चटणी, कांदा. आई दारातून विचारते, "जेवाला येशील का रं?"

"नाय आये. आज नाल्यावर हाय."

६:२०

गावाबाहेर शेठची मोकळी जागा. पत्र्याचं कुंपण, आत दोन जेसीबी, तीन डंपर. इथून महापालिकेच्या मुख्यालयाचा घुमट दिसतो आणि त्याच्या पलीकडे उजाडत असतं. शेठही इथल्याच गावचा. बापाची जमीन सिडकोत गेली, साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यातून पहिलं मशीन आलं. आजूबाजूच्या गावांत अशी मशीनं बरीच आहेत.

हेल्पर आधीच आलाय. एकवीस वर्षांचा, बीडमधल्या आष्टी तालुक्याचा. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेत, आता पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची वाट बघतायत. पोरगा शहाबाज गावात चौघांबरोबर एका खोलीत राहतो, भाड्यात त्याचे बाराशे. ऑपरेटरला तो उस्ताद म्हणतो. या धंद्यात सगळेच म्हणतात.

सकाळचं पहिलं काम ग्रीस. बूम, दांडा, बकेट, पुढचा लोडर, जॅक; जिथं जिथं पिन फिरते तिथं एक निपल. पोरगा गन लावतो, दांडी मारतो. आधी काळं, वाळूनं खरखरीत झालेलं जुनं ग्रीस कडेनं बाहेर येतं. मग नवं, पिवळसर. नवं दिसलं की थांबायचं. उस्ताद मागून हात फिरवत येतो. एका निपलाशी थांबतो, बोटाला काळंच लागतं.

"हे घेतलं नाही."

"घेतलं उस्ताद. जातच नाही आत."

निपल चोंदलेलं आहे. उस्ताद खिशातून तार काढतो, टोकरतो, फुंकतो, पुन्हा गन लावायला सांगतो. या वेळी आत जातं. हे दोन मिनिटांचं काम राहून गेलं तर पिन आणि बुश घासत जातात, बकेट लुळं पडतं, आणि पिना-बुशचं काम निघालं की चाळीस-पन्नास हजारांची बात. ग्रीसचा पाच किलोचा डबा दीड हजाराच्या पुढे आहे. डबा लवकर संपला तर शेठ विचारतो. बुश गेले तर जास्त विचारतो.

मग इंजिन ऑइल, पाणी, हायड्रोलिकची पातळी. मागचे टायर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. एक टायर तीस हजारांच्या वर जातो. बकेटचे दात मोजायचे. एक दात हलतोय. एका दाताचे सातशे-आठशे. पोरगा पिन ठोकून घट्ट करतो.

६:५०

चावी. अवरमीटरवर ६४११.९. पोरगा मोबाइलवर फोटो काढतो, शेठला पाठवतो. हा फोटो म्हणजे दिवसाची हजेरी, पण मशीनची.

तसा फोटोही आता लागत नाही. मशीन कुठं आहे, किती वेळ चाललं, किती वेळ नुसतं चालू उभं राहिलं, हे शेठला घरी बसून मोबाइलवर दिसतं. पूर्वी ऑपरेटर डिझेल काढतात म्हणून मालक टाकीजवळ माणूस ठेवायचे. उस्तादाला या नजरेचं फार वाईट वाटत नाही. "आपण नाय केलं ते दिसतं ना त्यात," तो म्हणतो. पण मे महिन्यात सावलीत थांबताना केबिनचा पंखा चालू राहावा म्हणून इंजिन चालू ठेवलं, तर दुपारी फोन येतो. तेव्हा वाटतं.

पगार चोवीस हजार. वर कामाच्या दिवशी दोनशे भत्ता. पोराला बारा हजार आणि शंभर भत्ता. २००८ मध्ये उस्ताद हेल्पर लागला तेव्हा पगार अडीच हजार होता, आणि शिकवायला कोणी नव्हतं. त्याचा उस्ताद जेवायला उतरला की हा खुर्चीत बसायचा. तेवढीच शाळा.

७:१५

रस्त्यावर. आठच्या आत साइट गाठायची, नंतर ट्रॅफिकवाला बाजूला घ्यायला लावतो. किल्ल्याच्या चौकातून बेलापूरकडे. मागच्या बाजूला बूम दुमडून पिनेत अडकवलेला, पोरगा दारात उभा राहून मागचं बघतो. खड्ड्यातून जाताना साडेसात टनांचं धूड पुढेमागे डोलतं. जेसीबीला गाडीसारख्या स्प्रिंगा नाहीत. तो धक्का थेट कमरेत. उस्ताद रुंद पट्टा बांधतो, चाळिशीच्या आधीच.

७:५०

सीबीडीतली सिडकोच्या काळातली चार मजली सोसायटी. पाण्याची जुनी लाइन गळते, नवी टाकायची. साठ फूट लांब, तीन फूट खोल चर. मीटर ६४१२.३.

सेक्रेटरी काका आखून ठेवलेली चुन्याची रेघ दाखवतात. उस्ताद विचारतो, "काका, खाली लाइट आहे? गॅस?"

"नसावी. नकाशा बहुतेक जुन्या कमिटीकडे होता."

हे उत्तर त्याला रोज मिळतं. महावितरणची केबल, महानगर गॅसची पाइप, दोन-तीन कंपन्यांच्या फायबर. नवी मुंबईच्या कुठल्याही फुटपाथखाली एवढं असतंच. खोदायच्या आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲपही सुरू केलं. उस्तादाच्या मोबाइलमध्ये ते आहे. पण कळवायचं खोदाई करवून घेणाऱ्याने, आणि मशीन दारात येऊन उभं राहिल्यावर थांबायची कोणाची तयारी नसते. तास चालू झालेला असतो.

तो दोन्ही जॅक टेकवतो, मागची चाकं हलकी होतात. खुर्ची उलटी फिरवतो. समोर दोन मोठे लिव्हर: एकात बूम आणि फिरणं, दुसऱ्यात दांडा आणि बकेट. बाजूला दोन लहान, जॅकचे. वरचे पेव्हर ब्लॉक पोरानं हाताने काढून रचलेत. पहिली बकेट कपचीची. दुसरी मुरमाची. तिसऱ्या बकेटपासून उस्तादाचा हात बदलतो.

इथं थांबून बघण्यासारखं आहे. आतापर्यंत तो खोदत होता, आता तो माती सोलतो. बकेट आडवं धरून, दातांऐवजी तळ टेकवून, दोन-दोन इंचांचा थर ओढत आणतो. प्रत्येक थराला मान बाहेर काढून बघतो. पोरगा चराच्या कडेला उकिडवा बसलेला, हात वर धरून. मुरूम, मुरूम, खाडीची काळी चिकण माती, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे. पुन्हा काळी. मग एका थराच्या कडेला ओंजळभर पिवळसर काहीतरी सांडतं.

"वाळू!" पोरगा ओरडायच्या आत लिव्हर सुटलेले असतात.

खाडीच्या काळ्या मातीत नदीची वाळू आपसूक येत नाही. कोणीतरी आणून टाकलेली असते, आणि ती टाकतात केबलच्या खाली-वर. उस्ताद खाली उतरतो. दोघं फावड्याने, मग हाताने माती सारतात. आधी एक वीट, आडवी. तिच्याशेजारी दुसरी. विटांखाली मनगटाएवढी काळी केबल. इमारतीची मुख्य लाइन असणार. काका गॅलरीतून खाली येतात, बघतात आणि कपाळावरचा घाम पुसतात.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर वाळू नव्हती, वीटही नव्हती, केबल नुसतीच पुरलेली. दात लागला, ठिणगी उडाली. तो वाचला, कारण तो खाली उतरला नाही. भरपाई ठेकेदाराने शेठकडून घेतली. शेठने त्यातले पाच हजार त्याच्या पगारातून तीन महिन्यांत वळते केले. त्या दिवसाचं बोलताना तो आवाज चढवत नाही. "उतरलो असतो तर?" एवढंच म्हणतो.

उरलेला चर केबलच्या बाजूने दीड फूट सरकवून घेतात. पोरगा केबलवर वाळू टाकतो, विटा पुन्हा रचतो. कोणी सांगितलेलं नाही.

१०:४५

मीटर ६४१५.२. दोन तास नव्वद पॉइंट (शंभर पॉइंटांचा एक तास), म्हणजे तीन तास धरायचे. भाव तासाला तेराशे. काका बाराशे म्हणतात, फोनवर शेठशी बोलतात, साडेबाराशेवर तुटतं. तीन हजार सातशे पन्नास, थेट शेठच्या खात्यावर. केबल वाचली त्याचा हिशेबात रकाना नाही. काका मात्र दोघांना शंभर-शंभर चहापाण्याला देतात, आणि ते मनापासून देतात.

११:००

नाक्यावर टपरी. कटिंग आणि वडापाव, दोघांचे साठ रुपये. आणखी तिघं ऑपरेटर आलेत, एक हायड्रा क्रेनवाला, एक पोकलेनवाला, एक रोड रोलरचा. इथं पगार लपवत नाहीत. टपरीवरच बाजारभाव ठरतो.

जेसीबी बावीस ते सव्वीस. हायड्रा थोडा वर. पोकलेनला अठ्ठावीस ते पस्तीस आणि साइटवर खाणंपिणं. पायलिंग रिग चालवणारा चाळिसाच्या पुढे. आणि ग्रेडरवाला, त्याचं नाव सगळेच जरा अदबीने घेतात; रस्त्याचा उतार नजरेने काढणारा माणूस सहज मिळत नाही, तो पगार मागून घेतो. बंदरातल्या कंटेनर क्रेनची नोकरी सगळ्यांत वर. एसी केबिन, शिफ्ट, पीएफ. पण तिथं दहावी-बारावी, आयटीआय, कागद लागतात.

उस्तादही पोकलेनवर होता. २०१८-१९ मध्ये, खाडीपल्याड, विमानतळाच्या जागेवर. उलव्याचा डोंगर तेव्हा सुरुंग लावून कापत होते, नदीचा प्रवाह वळवला होता, ११६० हेक्टरांच्या जागेत भराव पडत होता. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवसरात्र. त्याला अठ्ठावीस हजार मिळायचे. डोंगर संपला, कंपनीने मशीनं ट्रेलरवर चढवली आणि समृद्धी महामार्गाकडे नेली. त्यालाही चल म्हणाले. मुलगी तेव्हा लहान, बाप आजारी. तो परत जेसीबीवर आला, चार हजार कमी घेऊन. २५ डिसेंबर २०२५ ला त्या जागेवरून विमानं उडू लागली. दिवाळ्याच्या धक्क्यावरून ती वर चढताना दिसतात.

रोलरवाला एका परीक्षेचं सांगतो. काम येतं पण कागद नाही, अशा लोकांची तपासणी घेऊन सर्टिफिकेट देतात, आरपीएल म्हणतात त्याला. बांधकाम यंत्रांसाठी वेगळी कौशल्य परिषदच आहे. हायड्रावाला विचारतो, "त्यानं पगार वाढतो?" रोलरवाला म्हणतो, "शेठकडे नाही वाढत. कंपनीत गेटवर विचारतात." सगळे मान हलवतात. गेटपर्यंत जायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

११:४५

नाला. पावसाळ्यापूर्वीची सफाई. भांगाची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून ही वेळ. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात चढतं-उतरतं. भांगात ते आळसावलेलं असतं, काठ धरून काम करता येतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरला हे कोष्टकात बघावं लागतं. उस्तादाला लहानपणापासून ठाऊक आहे.

या शहराचं पाण्याचं गणित अवघड आहे. बराचसा भाग खाडीवर भराव टाकून केलेला, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले: भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तलावात साठायचं, ओहोटीला दारं उघडून खाडीत जायचं. तलावांत आणि नाल्यांच्या तोंडाशी गाळ साचतो. गाळावर तिवरं उगवतात. हायकोर्टाच्या परवानगीशिवाय तिवरं तोडता येत नाहीत, २०१८ चा निकाल आहे, आणि त्यांच्याभोवतीची पन्नास मीटरची पट्टीही राखायची असते. त्यामुळे तलाव तसेच राहतात, आणि नाल्यात जिथं परवानगी आहे तेवढाच गाळ काढतात.

पहिली बकेट वर येते. काळा, चकाकणारा गाळ, त्यात पिशव्या, थर्माकोल, एक चप्पल. वास असा की पोरगा रुमाल नाकावर घट्ट बांधतो. उस्ताद नाही बांधत. खाडीच्या गाळात तो वाढलाय, पण हा वास खाडीचा नाही, हे तो लगेच सांगतो. गाळ काठावर टाकायचा. दोन दिवस निथळला की डंपर उचलतात. सुपरवायझर आधीचा-नंतरचा फोटो काढतो, वेळ आणि जागा छापून येणारा. तो महापालिकेच्या बिलाला लागतो.

काठ मऊ आहे. एक जॅक हळूहळू खचतोय. दर दहा मिनिटांनी उस्ताद बकेट टेकवून मशीन उचलतो, पोरगा जॅकखाली लाकडी फळी सरकवतो, पाय मागे घेतो. पाय मागे घेतल्याचं उस्ताद डोळ्यांनी बघतो, मगच जॅक खाली. प्रत्येक वेळी. घाई असली तरी.

२:१०

फट्. हायड्रोलिकचा पाइप फुटला. तापलेलं तेल फवाऱ्यासारखं उडतं, बूम हबकून खाली बसतो. "बंद करा, उस्ताद!" इंजिन बंद. मीटर ६४१७.९. पोरगा बाजूला होता, पॅन्टवर दोन शिंतोडे, बाकी काही नाही. उस्ताद त्याची पॅन्ट वर करून पोटरी बघतो.

पाइप खोलतात. जळका, मऊ, टोकाला तार उघडी. पोरगा तो पिशवीत घालून मुकादमाच्या स्कूटरवर मागे बसतो. शिरवण्याच्या बाजूला पाइप प्रेस करून देणारं दुकान आहे. अठराशे रुपये. शेठ फोनवरून पाठवतो आणि "लवकर करा" म्हणतो.

२:२५

जेवण, डंपरच्या सावलीत. भाकरी, जवळा. अर्धी भाकरी तो पोरासाठी बाजूला ठेवतो.

शाळेतला एक मित्र कतारला आहे. २०२२ च्या विश्वचषकाच्या आधी गेला, तिथंच राहिला, एक्स्कॅव्हेटर चालवतो. इथल्या पैशात महिना पन्नास-साठ हजार हातात पडतात. तो बोलावतोय. एजंटने दीड लाख सांगितले. नियमाने परवानाधारक एजंटला तीस हजार आणि जीएसटी एवढंच घेता येतं. हे त्याला मित्रानेच कळवलं. दुसरी अडचण पासपोर्टची. उस्ताद नववी नापास. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो आणि कतार, सौदी, कुवेत, अमिरातीसह अठरा देशांत कामाला जायचं तर वेगळी सरकारी मंजुरी काढावी लागते.

म्हणून त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलंय. खासगी बसून दहावी. मुलगी सहावीत आहे, गणित तिच्याकडून शिकेन म्हणतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं. दहावी झाली तर कतारलाच जाईल असं नाही. बंदराच्या गेटवरही तोच कागद मागतात.

३:३०

पाइप बसला. तेल वर केलं, दोन डबे. सुरू.

पाणी चढायला लागलंय, पण संथ. आता मशीन नाल्याच्या तोंडाशी आलंय, पलीकडच्या काठावर तिवरांची रांग. एक फांदी बूमच्या वाटेत येते. सुपरवायझर लांबून हात करतो, "घे रे, एवढं काही नाही." उस्ताद घेत नाही. मशीन मागे घेतो, तिरकं लावतो, जॅक पुन्हा टेकवतो. पंधरा मिनिटं गेली. फांदी तुटली तर गुन्हा मशीनवर नोंदतात आणि चालवणाऱ्याचं नाव लिहितात. हे एक कारण. दुसरं तो नंतर सांगतो: तिवरांच्या मुळांत चिंबोरी असते, आणि चिंबोरी विकून त्याच्या आईने त्यांना वाढवलं.

५:४०

मीटर ६४२०.१. पाणी फळीपर्यंत आलं, बस. सुपरवायझर चलन लिहितो. जेवणाआधीचे दोन तास चाळीस पॉइंट, नंतरचे दोन तास वीस. "पंधरा मिनिटं मशीन फिरवण्यात गेली, ती काप," तो म्हणतो. उस्ताद मीटरकडे बोट दाखवतो. वाद नाही, नुसतं बोट. सुपरवायझर चार पॉइंट साठ लिहितो आणि सही करतो. पिवळी प्रत उस्तादाच्या खिशात.

६:१५

मशीन जागेवर. बकेट जमिनीला टेकवलेलं, चावी काढलेली. शेवटचं रीडिंग ६४२०.३. आपण इथंच बसून हिशेब करू, उस्तादाने सांगितलेल्या आकड्यांवर.

इंजिन चाललं आठ तास चाळीस पॉइंट. पैसे मिळाले सात तास साठ पॉइंटचे. येणं-जाणं आणि गरम होणं कोणी देत नाही. सोसायटीचे ३,७५०. नाल्याचा भाव लांब मुदतीचा, साडेअकराशे, त्याचे ५,२९०, तेही बिल निघेल तेव्हा, दोन-तीन महिन्यांनी. एकूण ९,०४०. तासाला पाच लिटरने डिझेल बेचाळीस लिटर, नव्वदच्या भावाने ३,७८०. पाइप १,८००. उस्तादाचा दिवस पगार-भत्ता धरून १,०००, पोराचा ५००. उरले १,९६०. मशीनचा हप्ता महिना बहात्तर हजार, म्हणजे दिवसाला २,४००.

आज शेठ ४४० रुपयांनी आत आहे. ग्रीस, टायर, विमा धरलाच नाही. नऊ-दहा तास मशीन चाललं आणि काही फुटलं नाही, तर शेठला बरं सुटतं. जून ते सप्टेंबर मशीन महिन्यात दहा-बारा दिवस लागतं. त्या महिन्यांत पगार चालू राहतो, भत्ता बंद होतो, आणि बऱ्याच मालकांकडे पगारही अर्धा होतो. २०२५ च्या जानेवारीपासून प्रदूषणाचे नवे नियम आले, नव्या मशीनची किंमत वाढली, म्हणून शेठ हेच आणखी चार वर्षं चालवणार. उस्तादाने पगार वाढवून मागितला तर शेठ हाच हिशेब सांगतो, आणि तो खोटा नाही. म्हणूनच त्याची वाढ या जागेवर होणार नाही, असं माझं मत झालं.

७:३०

अंघोळ, दोनदा साबण. बायको बाजारातून आली, आज तिला साडेसहाशे सुटले. ती सोलायला कोळंबी घेऊन बसते आणि मुलीचा अभ्यास विचारते. दर महिन्याच्या दहा तारखेला पगार होतो. या महिन्यात त्यातून पाच हजारांची उचल कापली जाईल, होळीच्या आधी घेतलेली. घर स्वतःचं आहे, भाडं नाही. तेवढ्यावर चोवीस हजार पुरतात.

पोराचा फोन येतो. "उस्ताद, उद्या किती वाजता?" "सहालाच ये. आणि दुपारचं त्या सोसायटीच्या मागच्या मैदानात जरा वेळ आहे. बूमवर बस." पोराला जेवणाच्या सुट्टीत चोरून शिकावं लागू नये, एवढं त्याने ठरवलेलं आहे.

९:००

झोपायच्या आधी तो एक कागद काढून दाखवतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचा. अठरा ते साठ वयाच्या कामगाराने वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला जोडायचा, की नोंदणी होते. झाली तर मुलीला सातवीपर्यंत वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावी पाच हजार. कामावर असताना मृत्यू आला तर घरच्यांना पाच लाख. केबलच्या ठिणगीनंतर बायकोने हा कागद आणला. बाकी सगळं भरलंय. दाखल्यावर सही नाही. शेठ म्हणतो ठेकेदाराकडून घे, ठेकेदार म्हणतो तू शेठचा माणूस. पोराच्या फॉर्मचंही तसंच.

मशीनमालक किंवा ठेकेदार हे वाचत असतील तर त्यांना सांगणं एवढंच: रोजच्या चलनावर सही करता तशीच या दाखल्यावर करा. तिला पैसा लागत नाही, आणि नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून ती दरवर्षी करा.